ग्रुपवर टाकू नका, डबलसीट घेऊन जा

आलेलं पत्र (ओळख पटेल असं सगळं काढलं आहे, भाषा तशीच ठेवली):

"ताई, मी २९ वर्षाचा हाय. यवतमाळ जिल्ह्यातला, तालुक्याच्या जिनिंगमध्ये काट्यावर हिशोब लिहितो. मले पोरी नाही, पोरं आवडतात, घरी कोणाले माहीत नाही. चार महिन्याआधी ताप जाऊन जाऊन येत होता म्हून रक्त तपासलं तं एचआयव्ही पॉझिटिव्ह निघालो. यवतमाळच्या मेडिकलमधून गोळ्या सुरू हायेत, आता बरा हाय, माया जिवाचं टेन्शन नाही. टेन्शन दुसरंच हाय. आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप हाय, अकरा जण. कोणी ॲपवर भेटलेले, कोणी कोणाच्या ओळखीनं आलेले. एक टेलर हाय, त्याले सगळे मावशी म्हणतात, ग्रुप त्यानंच बनवला. सात जणायचे लग्न झालेले हायेत. तिघायसंग माये संबंध होते, बाकीचे नुसते दोस्त. यातल्या कोणीच कधी टेस्ट केली नाही. इचारलं का म्हणतात, आपल्याले काय होते बे, ते मुंबई-पुण्याच्या लोकायचं. मी नवीन सिम घेतलं, फेक आयडी बनवली. तुमच्यातल्या एकाले एचआयव्ही हाय, टेस्ट करून घ्या, असा मेसेज लिहून ठेवला. बटन दाबाची हिंमत होत नाही. त्या तिघातल्या एकाची बायको पोटुशी हाय ताई. चूप रायलो तं पाप, बोललो तं गावात राहाची सोय नाही. अन् दिवाळीनंतर आई मायासाठी पोरगी पाहाले निघणार हाय. काय करू?"

भाऊ, बटन दाबलं नाही हे लय चांगलं केलं. तो मेसेज आधी डिलीट करा, सिम काढून ठेवा, मग पुढचं वाचा.

कारण सांगते. तुमच्या लोकांना फेक आयडीवरून काय काय येते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. भेटायला बोलावतात, चार जण दबा धरून बसलेले असतात, मोबाइल हिसकतात, फोटो काढतात आणि मग महिनोन्‌महिने पैसे मागतात, आणि पोलिसात जायची सोय नसते कारण तिथं काय सांगणार. अशा माणसाच्या मोबाइलवर रात्री अनोळखी नंबरवरून "तुमच्यातल्या एकाला एचआयव्ही आहे" असं येऊन पडलं तर तो टेस्टच्या रांगेत उभा राहील असं वाटते का तुम्हाला? तो नंबर ब्लॉक करेल, ग्रुपमधून निघेल, जुना मोबाइल फोडेल. आणि बाकीचे दहा जण कोण कोण म्हणून एकमेकांकडे बोट दाखवतील, स्क्रीनशॉट फिरेल, आणि जो सगळ्यात गरीब, ज्याची चाल सगळ्यात नाजूक, नाव त्याच्यावर जाईल. तुम्ही वाचाल, मावशी मरेल.

मी बरीच वर्षं एका ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीला काउन्सेलर होते, म्हणजे जिथं एचआयव्हीची फुकट तपासणी होते ना ती खोली. टीबीच्या खोलीला लागून, दारावर पडदा, पडद्याला खालून उंदरानं कुरतडलेलं. तिथं बसून एक गोष्ट पक्की शिकले की पोस्टर वाचून आणि भोंगा ऐकून येणारा माणूस वेगळा, आणि ज्याला खरंच यायला पाहिजे तो माणूस वेगळा. एकदा आम्ही एका गावात शिबिर लावलं, ऑटोवर भोंगा बांधून सकाळपासून ओरडत होतो, एचआयव्ही एड्सची मोफत तपासणी, समाजमंदिरात या. दिवसभरात आले किती? अंगणवाडीसेविका, कोतवाल, दोन म्हातारे ज्यांना शुगर तपासायची होती, आणि आमच्या ऑटोचा ड्रायव्हर. जो माणूस मनातून घाबरलेला आहे तो भर गावात समाजमंदिराची पायरी कशाला चढेल बाप्पा, भोंग्यानंच तर त्याची वाट बंद केली.

पण त्याच्या पुढच्या महिन्यात एक बाई आली, नवरा एचआयव्हीनं गेलेला, ती स्वतः गोळ्यांवर. तिनं कोणाला काही न विचारता एकेक करून सहा बायका आणल्या माझ्याकडे, पऱ्हाटी वेचायला सोबत जाणाऱ्या, कोणाचा नवरा बाहेरगावी कमवायला गेलेला, कोणाचा नुकताच खंगून मेलेला. स्वतःबद्दल तिनं त्यांना काय सांगितलं, सांगितलं की नाही, मला माहीत नाही, विचारलंही नाही. सहातल्या दोघी पॉझिटिव्ह निघाल्या. भोंग्यानं दोन वर्षांत तेवढं केलं नव्हतं.

हे काही माझं डोकं नाही, याला रीतसर नाव आहे, सोशल नेटवर्क पद्धत म्हणतात. नेटवर्क म्हटलं की आपल्याला टॉवर आणि फेसबुक आठवते, पण इथं नेटवर्क म्हणजे माणसाची माणसाशी असलेली ओळख, कोण कोणासोबत बसते उठते, कोण कोणाचं ऐकते. अमेरिकेत २००३ ते २००५ मध्ये सात शहरांत नऊ संस्थांनी हे करून पाहिलं. आधीच पॉझिटिव्ह असलेले किंवा जास्त धोका असलेले ४२२ जण घेतले, त्यांना म्हटलं, तुमच्या ओळखीतल्यांना घेऊन या. त्यांनी ३,१७२ जण आणले आणि त्यात १७७ पॉझिटिव्ह निघाले, म्हणजे शंभरात साडेपाचच्या वर. त्याच वेळी सरकारी पैशावर चालणाऱ्या बाकीच्या तपासणी केंद्रांत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास होतं. पुढे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही जास्त धोक्यातल्या गटांसाठी ही पद्धत वापरा म्हणून सांगितलं. आपल्या देशात २०२३ च्या आसपासच्या अंदाजाप्रमाणे २५ लाख लोक एचआयव्ही घेऊन जगत होते आणि पाचातल्या साधारण एकाला ते माहीतच नव्हतं. तो पाचवा माणूस भोंग्यानं येत नाही, दोस्ताच्या मागं बसून येते. तुमच्या ग्रुपचं नेटवर्क सरकारला पैसे देऊनही मिळणार नाही.

आता तुमच्या अकरा जणांचे दोन ढीग करा. ज्या तिघांसोबत तुमचे संबंध होते ते एक, बाकीचे दोस्त दुसरे. दोघांना सांगायची रीत वेगळी आहे आणि लोक इथंच गडबड करतात.

आधी तिघं. त्यांना कळायलाच पाहिजे, पण ते तुम्हीच सांगायला पाहिजे असं नाही. यवतमाळच्या मेडिकल कॉलेजात तुम्हाला गोळ्या मिळतात ना, त्या एआरटी सेंटरच्या काउन्सेलर मॅडमला जाऊन म्हणा की पार्टनरला कळवायला मदत पाहिजे. तुमचं नाव न घेता ते त्या माणसाशी बोलू शकतात. पण मी तुम्हाला फसवणार नाही. ज्या माणसाचा तुमच्याशिवाय कोणाशीच संबंध नव्हता त्याला नाव न घेताही कळेल, तो मूर्ख थोडीच आहे. म्हणून तिघांपैकी कोणाला तुम्ही स्वतः सांगायचं, कोणाला मॅडमनं, हे मॅडमसोबत बसून ठरवा. ज्याची बायको पोटुशी आहे तो पहिला, आणि या आठवड्यात. दिवस गेले की बाईची तपासणी होतेच, पण ती सुरुवातीच्या महिन्यांत होऊन गेली असेल आणि नवऱ्याला लागण नंतर झाली असेल तर तिचा जुना निगेटिव्ह रिपोर्ट काही कामाचा नाही. उपचार नसले तर आईकडून बाळाला जायचा धोका शंभरात १५ ते ४५, आणि वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर पाचाच्या खाली येते. पाप म्हणता ना तुम्ही, त्यापेक्षा हे आकडे डोक्यात ठेवा.

फोन करणार असाल तर माझी चूक ऐकून घ्या आधी. सुरुवातीच्या काळात एका पेशंटनं मला त्याच्या पार्टनरचा नंबर दिला, मी हुशारीनं दुपारी लावला, उचलला वहिनीनं. कोण बोलते, दवाखान्यातून कशाला, काय झालं भाऊजीला. मी आपलं काहीतरी लसीचं सांगून ठेवला. तो माणूस कधीच आला नाही, नंबरही बदलला. म्हणून फोनवर काहीच सांगायचं नाही, भेटून. आणि घरी नाही, दुकानात नाही.

आता दोस्त. त्यांना तुमचं काहीच सांगायची गरज नाही, हे कान उघडे ठेवून ऐका कारण तुम्ही सगळं एकाच पोत्यात भरून ठेवलं आहे. "मला आहे" हे न सांगताही "टेस्ट कर" म्हणता येते. एकच वाक्य लागते आणि ते खरं आहे: "मी टेस्ट करून आलो बे, थोड्या वेळाचं काम हाय, चाल तुले घेऊन जातो." झालं. यात खोटं काय आहे? तो विचारेल, तुझा काय आला? विचारणारच. त्याचं उत्तर आधी आरशासमोर दहा वेळा म्हणून ठेवा, म्हणजे चेहरा पडणार नाही: "मायं मायापाशी, तुयं तुयापाशी, मी तुले इचारणार नाही तू मले इचारू नको." आणि मग खरंच विचारू नका. तो बाहेर आल्यावर त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहायचंसुद्धा नाही. त्यानं आपणहून सांगितलं तर ते तुमच्यापाशी राहील, दुसऱ्या दोस्ताला आणताना "अमक्याचा निघाला" असं चुकूनही नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्सचा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. कोणाच्या मर्जीशिवाय त्याची टेस्ट करता येत नाही, आणि विश्वासानं सांगितलेलं दुसऱ्याचं स्टेटस त्याच्या संमतीशिवाय फोडता येत नाही, काही ठरावीक अपवाद सोडले तर. हा कायदा तुम्हाला वाचवते तसा तुमच्यापासून त्यांनाही वाचवते.

सगळ्यांना एकदम नाही. एक जण. कोण, तर मी तुमच्या जागी असते तर मावशी. ज्यानं ग्रुप बनवला, ज्याच्या दुकानात सगळे कारण नसताना उसवलेली शिलाई घेऊन येऊन बसतात, त्याचं ऐकतात लोक. मावशीचा रिपोर्ट काय येते याच्याशी देणंघेणं नाही, निगेटिव्ह आला तरी तो तेवढाच कामाचा, उलट जास्त, कारण त्याला लपवायला काही नाही आणि तो मोकळ्या तोंडानं सांगेल की मी जाऊन आलो, काही नाही होत, मॅडम चांगली हाय. मी माझ्याकडं आणणाऱ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या द्यायची, त्यावर फक्त खोली कुठं आणि किती वाजता एवढंच. कोपऱ्यात पेनाचा ठिपका, एकाला निळा, एकाला लाल, एकाला हिरवा. चिठ्ठी परत आली की ठिपक्यावरून मला कळायचं कोणामुळं किती आले, नाव कुठंच नाही. एका हिरव्या ठिपक्याच्या नऊ चिठ्ठ्या आल्या होत्या, तो माणूस चहाची टपरी चालवायचा.

जे "आपल्याला काय होते" म्हणतात त्यांच्याशी वाद घालू नका, आकडे फेकू नका. भीती दाखवून तर अजिबात नाही, ती दाखवून दाखवूनच लोक दारापासून पळाले आहेत. नाही म्हणाला तर ठीक आहे म्हणा आणि विषय सोडा, पण दोस्ती सोडू नका. महिन्यानं परत एकदा. मी तिसऱ्या वेळेस आलेले लय पाहिले.

आत काय होते तेही सांगून ठेवा कारण भीती सुईपेक्षा त्या खोलीची असते. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, पैसे लागत नाहीत. आपल्याच तालुक्याला गेलं पाहिजे असंही नाही, ओळखीचं कोणी भेटेल अशी धास्ती असेल तर बाजूच्या तालुक्याला जा, वर्ध्याला जा, चंद्रपूरला जा. काउन्सेलर आधी बोलते, सही घेते, थोडं रक्त घेतात, आणि हॉटेलातल्या साबणाच्या वडीएवढी प्लास्टिकची पट्टी असते तिच्यावर टेस्ट. पहिली टेस्ट रिॲक्टिव्ह आली म्हणजे पॉझिटिव्ह नाही हं, वेगवेगळ्या किटनं तीन टेस्ट करूनच पॉझिटिव्ह म्हणतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात नुसती पहिलीच होते, पक्की करायला ग्रामीण रुग्णालयात पाठवतात, तिथं घाबरून अर्ध्यात घरी जाऊ देऊ नका कोणाला. आणि नुकताच संबंध आला असेल तर निगेटिव्हवर खूश होऊ नका, तीन महिन्यांनी परत. समजा कोणाचा धोक्याचा संबंध काल-परवाच झाला असेल तर ७२ तासांच्या आत दवाखाना गाठला तर लागणच होऊ नये म्हणून गोळ्या देता येतात, तिथं तासातासाला फरक पडते, बाजाराच्या दिवसाची वाट पाहायची नाही. काही विचारायचं असेल आणि तोंड दाखवायचं नसेल तर १०९७ लावा, फुकट आहे, नाव सांगायची गरज नाही.

एक गोष्ट त्या अमेरिकेच्या आकड्यांत मला टोचते ती म्हणजे पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचले ते ६३ टक्के. शोधून काढलं, हातात कागद दिला, आणि शंभरातले सदतीस हातातून सुटले. आपल्याकडे एप्रिल २०१७ पासून सीडी फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, कितीही असो, पॉझिटिव्ह निघाला की गोळ्या सुरू करतात, पण त्यासाठी यवतमाळची एसटी पकडावी लागते ना, आणि ती पहिली एसटी लय लांबची असते, तुम्हाला आठवत असेल. म्हणून तुमच्यामागं बसून आलेला पॉझिटिव्ह निघाला आणि त्यानं तसं सांगितलं, तर दुसरी चक्करही तुमचीच. तेव्हा वाटलं तर त्याला तुमचं सांगा. वाटलं तरच. त्या क्षणी, मेडिकलच्या गेटबाहेर तर्रीपोहे खाता खाता, "मीबी इथंच येतो बे दर महिन्याले" असं कोणी म्हटलं तर माणसाचा चेहरा कसा सुटते हे मी पाहिलं आहे, पण ते वाक्य तुमचं आहे, मी मागू शकत नाही.

तुमच्या स्वतःबद्दल दोन शब्द. गोळी रोज, एकही चुकवायची नाही, सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती ते, तपासतात, ते सापडण्याइतकं राहिलं नाही आणि तसंच टिकलं की संबंधातून समोरच्याला एचआयव्ही जात नाही, हे आता पक्कं झालेलं आहे. तोवर कंडोम, आणि नंतरही, कारण बाकीचे रोग आहेतच. गुप्तरोगाच्या सरकारी सुरक्षा क्लिनिकला तेही तपासून घ्या, दुखणं घेऊन बसू नका.

लग्नाचं मात्र मी इथं दोन ओळीत मिटवणार नाही. एवढंच म्हणते, न सांगता लग्न करायचं नाही, एचआयव्हीचंही नाही आणि दुसरंही नाही, त्या पोरीनं तुमचं काय बिघडवलं? आईला सध्या "तब्येत बरी नाही, एक वर्ष थांब" एवढं सांगा, खोटं नाही ते, आणि तेवढ्या वर्षात मला दुसरं पत्र लिहा. पुरुषा-पुरुषातल्या संबंधाला गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला लागला, तुम्ही गुन्हेगार नाही, हे तुम्हाला माहीत असेल पण आपल्याकडे कागदावरचं गावात पोचायला वेळ लागते म्हणून लिहिलं.

आता काम. पोटुशी बायकोवाल्यासाठी उद्याच मेडिकलच्या मॅडमला फोन करा, गोळ्यांच्या नोंदीच्या तुमच्या हिरव्या पुस्तकात नसला नंबर तर पुढच्या गोळ्यांची वाट न पाहता जाऊन भेटा. मावशीकडं मात्र बाजाराच्या दिवशी सकाळी जा, कारण बाजाराच्या दिवशी तालुक्यात कोण कशाला फिरून रायलं हे कोणी विचारत नाही. दुकान उघडायच्या आधी गाठा, गिऱ्हाईक आलं की तो सोडणार नाही. साडेनऊपर्यंत दवाखान्यात पोचा, केसपेपरच्या रांगेत तुम्ही उभे राहा, त्याला बाहेर कडुनिंबाखाली बसू द्या, आणि एकच्या आत उरका कारण त्यानंतर लॅबवाला डबा खायला जाते आणि तो कधी परत येईल ते आम्हालाही कधी कळलं नाही.